छत्तिसावा तास

महाडमध्ये संकटाचा हिशेब तासांत होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. या गोष्टी निघाल्या की लोक आधी सांगतात ते किती वाजता काय झालं हेच. खाली मांडलेला घटनाक्रम मात्र कुणाच्या तोंडी नाही. तो भाताच्या एका पानात घडतो, आणि ज्याच्या खाचरात घडतो त्याला उरकून गेल्यावरच कळतो.

रोग ओळखीचा आहे: करपा. तो आणणारी बुरशी मॅग्नापोर्थे ओरायझी. पायरिक्युलॅरिया ओरायझी हेही तिचंच नाव. पोलादपूरच्या वरकस उतारावरच्या नाचणीला जो करपा पडतो तोही हिच्याच भावकीतला. करप्यापायी दरवर्षी जगभर जितकं भात जातं त्यात सुमारे ६ कोटी माणसांचं पोट भरलं असतं, असा अंदाज शास्त्रज्ञ देत आले आहेत.

वार मी सोयीसाठी धरले आहेत, तास मात्र माझे नाहीत. भाताच्या पानाचा खोडाला वेढणारा भाग सोलायचा, त्याच्या आतल्या अंगाला बीजाणूंचं पाणी सोडायचं आणि तासातासाला मायक्रोस्कोपखाली बघायचं, अशा कामातून ते आले आहेत. अमेरिकेत बार्बरा व्हॅलेंट आणि इंग्लंडात निक टॅलबट यांच्या प्रयोगशाळांनी त्यात वर्षं घातली. ते तास २५ ते २८ अंशांतल्या, रोगाला लवकर बळी पडणाऱ्या भाताचे आहेत. शेतात दोनचार तास इकडेतिकडे होणारच.

रविवार, संध्याकाळी ६. उरले ४४ तास

सप्टेंबर. गणपती गेलेत, मोठा पाऊस ओसरलाय, रिपरिप चालू आहे. महाबळेश्वरच्या अंगानं ढग उतरून आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी बसलेत. उतारावरच्या खाचराचा बांध एका कोपऱ्यात खचलाय आणि पाणी निघून गेलंय. पाणी उभं असलेल्या भातात करपा दबून राहतो, कोरड्या पडलेल्या मुळांवरच्या भातात तो चढतो. म्हणून डोंगरउतारावरचं भात खालच्या सखल शेतापेक्षा आधी सापडतं.

आठवड्यापूर्वी युरिया पडलाय. पान काळंभोर हिरवं, लुसलुशीत, बघून समाधान वाटावं असं. करप्यालाही तसंच पान आवडतं. नत्र एकदम ओतू नका, हप्त्यांनी द्या, हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा जुना घोष आहे, आणि भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतल्या खताच्या गोळ्या चिखलात खोल खोचायच्या असतात त्यामुळे नत्र हळूहळू सुटतं. पण गोळ्या खोचायला माणसं लागतात, आणि महाड-पोलादपूर तालुक्यांतली कमावती माणसं मुंबईला असतात. फेकून द्यायला युरिया बरा पडतो. त्याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं मला पटत नाही.

सोमवार, पहाटे २. उरले ३६

बांधावरच्या गवतावर, शेजारच्या खाचरातल्या जुन्या डागांवर बीजाणू तयार असतात. ते बहुतेक रात्रीच, दमट हवेत सुटतात. एक बीजाणू आपल्या पानावर येऊन बसतो. तीन पेशींचा, एका टोकाला निमुळता. पाण्याचा स्पर्श झाला की त्या टोकातून चिकट द्रव सुटतो आणि तो पानाच्या मेणचट पृष्ठभागाला धरतो. जिथं दवाचा थेंबसुद्धा टिकत नाही तिथं हा टिकतो. ही चिकटी १९८८ मध्ये शोधली गेली.

सोमवार, पहाटे ४. उरले ३४

बीजाणूला कोंब फुटलाय. कोंब थोडा सरपटतो, पृष्ठभाग कडक आहे का, मेणाचा आहे का, याचा अंदाज घेतो. तो जुळला की टोक थांबतं आणि फुगू लागतं.

सोमवार, सकाळी ८. उरले ३०

टोकाचा घुमट झालाय. शास्त्रज्ञ त्याला ॲप्रेसोरियम म्हणतात. मागे राहिलेला बीजाणू आता स्वतःलाच पचवू लागतो. त्याच्या तिन्ही पेशींतलं जे कामाचं आहे ते घुमटात जातं आणि तो मरतो. परतीची सोयच नाही. बीजाणूचं हे मरण रोखलं तर घुमट असूनही बुरशी आत शिरू शकत नाही, हेही तपासून झालंय.

या वेळेपर्यंत ऊन पडलं असतं, पान सुकलं असतं, तर गोष्ट इथंच संपायची. बुरशीला पान सलग दहाबारा तास ओलं लागतं. आज ढग आहेत. बेणणीतून सुटलेलं तण उपटत कुणीतरी याच पानाला घासून पुढं जातं. दिसण्यासारखं काहीच नाही.

सोमवार, संध्याकाळी ४. उरले २२

घुमटाच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसलाय. आपल्या केसांत असतं त्याच जातकुळीचं रंगद्रव्य. इथं त्याचं काम रंगाचं नाही: ते पाणी आत येऊ देतं, आत साठलेलं ग्लिसरॉल बाहेर जाऊ देत नाही. पाणी येत राहतं, दाब चढत राहतो. १९९१ मध्ये हा दाब मोजला गेला तेव्हा तो ८ मेगापास्कलपर्यंत निघाला. म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या एका पेशीत.

दुकानात मिळणारं ट्रायसायक्लॅझोल नेमकं इथं लागतं. ते बुरशीला मारत नाही, मेलॅनिन बनू देत नाही. थर नाही तर दाब नाही, दाब नाही तर प्रवेश नाही. म्हणजे हे औषध या तासापर्यंत पानात असलं तर उपयोगाचं, उद्या नाही. युरोपीय संघानं २०१७ मध्ये तांदळातल्या त्याच्या अवशेषांची मर्यादा इतकी खाली आणली की बासमतीचे निर्यातदार हवालदिल झाले. महाडचा तांदूळ काही युरोपात जात नाही. तो इथंच खाल्ला जातो, म्हणून तर प्रश्न आपलाही आहे.

मंगळवार, पहाटे २. उरले १२

घुमटाच्या तळातून एक बारीक खिळा निघतो, मेणाचा थर आणि पेशीची भिंत फोडतो. प्रवेश झाला.

सामान्यतः घटनाक्रम लिहिणारा इथं लाल अक्षरं वापरील. मी वापरणार नाही. एका पानात पेशींची गणती नाही. एक गेली तर भाताचं काही बिघडत नाही. शिवाय बुरशीनं पेशीला अजून मारलेलंही नाही. खिळा भिंत फोडतो, पण भिंतीआतलं पातळ पटल फोडत नाही. पटल आत दबतं, आणि बुरशीचे तंतू वाढतात तसतसं त्यांच्याभोवती तेच गुंडाळलं जातं. पाहुणा घरात, पण यजमानाच्याच पांघरुणात.

भात आंधळं नाही. बुरशीच्या भिंतीतलं कायटिन ओळखणारं प्रथिन त्याच्या पेशीवर असतं. जपानी संशोधकांनी ते २००६ मध्ये भातातच शोधलं. बुरशीकडे त्यावरही उतारा आहे. ती असं एक प्रथिन सोडते की ते कायटिनचे तुकडे आधीच गोळा करून ठेवतं, म्हणजे भाताला वास लागू नये.

मंगळवार, सकाळी ६. उरले ८

इथं जरा थांबावं लागेल, कारण पुढचे आठ तास कळायचे तर पेशी एकमेकींशी कशा बोलतात ते माहीत हवं.

वनस्पतीची प्रत्येक पेशी भिंतीत कोंडलेली असते. प्राण्याच्या पेशी सरकतात, एकमेकींना बिलगतात. भाताच्या पेशीला ते सुख नाही. तरीही पान एकजीव वागतं. त्याचं कारण १८७९ मध्ये एडुआर्ड टांगल या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, आणि दिसलं ते काजऱ्याच्या बीत. तोच काजरा, कडू विषारी बियांचा, जो आपल्या कोकणच्या रानात उभा असतो आणि जनावरंही ज्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या बीमधल्या जाड भिंतींतून बारीक रेषा आरपार गेलेल्या टांगलनं पाहिल्या आणि पेशी खुल्या वाटांनी जोडलेल्या आहेत असं लिहिलं. १९०१ मध्ये स्ट्रासबुर्गर यांनी त्या वाटांना प्लाझ्मोडेस्माटा हे नाव दिलं.

कोकणात भावांच्या वाटण्या होऊन घरात भिंत पडते, पण माजघरातून माजघरात एक खिडकी ठेवलेली असते. सणावाराचं ताट, विरजण, बातमी तिथून जाते. पेशींचं तसंच. पण ही खिडकी नुसतं भोक नसते, आणि तीच या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. वाटेची रुंदी ३० ते ५० नॅनोमीटर; मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला जेमतेम एक. तिच्या कडेनं दोन्ही पेशींचं बाहेरचं पटल अखंड गेलेलं असतं. आणि मधोमध आणखी एक नळी असते, पेशीच्या पोटात पसरलेल्या पटलांच्या जाळीची, अंतर्द्रव्यजालिकेची, ओढून बारीक केलेली नळी. ती एका पेशीतून निघते आणि दुसरीतल्या जाळीला मिळते. म्हणजे शेजारणींचं आतलं जाळंसुद्धा एकच.

या अरुंद जागेत दोन पटलं एकमेकांना न मिसळता इतकी जवळ येतात की मध्ये १० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी अंतर राहतं. अशा जागांना पटल-संपर्कस्थळं म्हणतात. पेशीत त्या इतरत्रही असतात. चरबीचे रेणू आणि कॅल्शियमचे इशारे तिथून इकडचे तिकडे होतात. पण दोन पेशींच्या मध्ये, भिंतीच्या पोटात, संपर्कस्थळ असावं ही वनस्पतींचीच खासियत. दोन्ही पटलांना धरून ठेवणारी प्रथिनं तिथं असतात. फ्रान्समध्ये बोर्डोच्या एमान्युएल बायर यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं की कोवळ्या वाटांत हे अंतर दोनतीन नॅनोमीटरवर आलेलं असतं, दिसायला वाट बंदच, तरी माल जातो. कसा, यावर अजून वाद चालू आहेत.

वाटेला दारही आहे. तोंडाशी भिंतीत कॅलोज नावाची साखरेची साखळी साठवली की वाट आवळते. ती विरघळवली की मोकळी होते. धोका कळला की निरोगी पेशी पहिल्यांदा हेच करते.

आपल्या पानात मंगळवारी सकाळी हेच होत नाही. बुरशी पहिल्या पेशीतून बारीक प्रथिनं सोडते. २०१० मध्ये व्हॅलेंट यांच्या गटानं त्यांतल्या काहींवर चमकणारी खूण लावली आणि ती शेजारच्या, बुरशी अजून न शिरलेल्या पेशींत पोचलेली पाहिली. एक, दोन, कधी त्याहूनही पुढच्या. लहान प्रथिनं दूर जात होती, मोठी अडकत होती. म्हणजे वाट तीच, प्लाझ्मोडेस्माटाची. ती पुढं जाऊन काय करतात याचा पूर्ण हिशेब लागलेला नाही, पण पुढची जागा तयार करतात हे बहुतेकांना मान्य आहे.

मंगळवार, दुपारी २. उरले ०

पहिल्या पेशीत तंतू जाड, गाठीगाठीचे झालेत आणि पेशी भरत आलीय. आता ते भिंतीकडे वळतात. कुठंही धडक देत नाहीत. भिंतीला लागून चाचपत राहतात आणि जिथं प्लाझ्मोडेस्माटाचा घोळका असतो तिथं थांबतात. मग सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा तंतू आवळून ०.६ मायक्रोमीटरचा होतो, पलीकडे निघतो, आणि पुन्हा फुगतो.

०.६ मायक्रोमीटर म्हणजे ६०० नॅनोमीटर; वाट तर जास्तीत जास्त ५०. तेव्हा बुरशी सुईतून दोरा ओवावा तशी नळीतून जाते असं समजू नये. ती नळ्यांची जागा धरते आणि तिथून भिंत ओलांडते. तिला वाटाच हव्या असतात याचा सरळ पुरावा २००७ मध्ये प्रसन्ना कंकनाला, व्हॅलेंट आणि सहकाऱ्यांच्या कामात आला. पानावरच्या श्वसनरंध्रांच्या दोन रक्षक पेशींना, पूर्ण वाढल्यावर, प्लाझ्मोडेस्माटा उरत नाहीत. चारी बाजूंच्या पेशी भरल्या तरी बुरशी त्या दोघींत शिरत नव्हती. भिंत तशीच, दार नाही, म्हणून वाचल्या.

दुसरा पुरावा २०१८ चा, टॅलबट यांच्या गटाचा. बुरशीत पीएमके-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते नसेल तर घुमटच बनत नाही, हे आधीच माहीत होतं. मग आत शिरल्यावर ते काय करतं हे बघायचं कसं? त्यांनी प्रथिनात असा बदल केला की एका विशिष्ट रसायनानं ते हवं तेव्हा बंद पाडता यावं. बुरशीला पहिल्या पेशीत शिरू दिलं आणि मग रसायन दिलं. ती त्याच पेशीत अडकली. तंतू वाढले, वळले, वेटाळे झाले. भिंत ओलांडता आली नाही. याच प्रथिनाच्या हुकमावरून तंतू आवळला जातो आणि दारातलं कॅलोज साठू नये याची व्यवस्था होते. ज्या दिवशी मी हा प्रयोग वाचला त्या दिवसापासून करप्याची खरी वेळ मी घुसण्याची धरत नाही, ओलांडण्याची धरतो.

बुधवार आणि गुरुवार

फार सांगण्यासारखं नाही, तीच क्रिया पुन्हा पुन्हा होते. तंतू पुढच्या पेशीत गेला की साधारण त्याच सुमारास मागच्या पेशीची रसधानी आकसते, फुटते आणि ती पेशी मरते. पुढची जिवंत, मागची मेलेली, अशी आघाडी सरकत राहते. पानावर अजून डाग नाही.

शुक्रवार, सकाळी

डाग दिसतो. दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी, कडा तपकिरी. पहिल्या तासापासून चार दिवस झालेत. दुपारी महाडच्या बाजारात, औषधाच्या दुकानात, संवाद ठरलेला असतो.

"शेठ, भातावर डाग पडलेत."

"कसे? डोळ्यासारखे?"

"होय. मधे राख पडल्यासारखं."

"मग करपाच तो. काका, युरिया किती टाकलात?"

"टाकला की. पिवळं पडलेलं."

ट्रायसायक्लॅझोलची पुडी घेऊन काका पोलादपूरच्या गाडीत बसतात. शनिवारी फवारणी होते, पाऊस आला तर रविवारी. या डागावर तिचा काही परिणाम होणार नाही. त्याचा निकाल मंगळवारी दुपारी लागला. फवारणी ज्याच्यासाठी आहे तो बीजाणू अजून सुटायचाय.

मग दारंच कायमची बंद असलेलं भात का काढू नये? कल्पना सुचायला सोपी आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका भाताचा अभ्यास छापला, ज्यात प्लाझ्मोडेस्माटापाशी बसणारं एक प्रथिन प्रमाणाबाहेर बनत होतं आणि वाटा आवळल्या जात होत्या. पानांत साखर साठून राहिली आणि लोंबीत दाणे पोचट निघाले. पानात बनलेली साखर दाण्यापर्यंत जायची ती याच वाटांनी सुरुवात करून. दार बंद केलं तर चोर येत नाही, जेवणही येत नाही.

प्रतिकारक वाणांत होतं ते वेगळं. टेटेप या व्हिएतनामी भातातून भारतीय संशोधकांनी वेगळं काढलेलं पीआय-५४ हे जनुक त्यातलं एक. असं जनुक असलेली पेशी बुरशीची खूण ओळखते आणि शेजारणीकडे वाट मिळायच्या आत स्वतः मरते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो, पुढं काही नाही. छत्तिसावा तास येतच नाही. अडचण एवढीच की बुरशी काही वर्षांत ती खूण बदलते, मग नवं जनुक शोधावं लागतं.

पुढचा सोमवार, पहाटे

राखाडी मधल्या भागातून बीजाणू सुटू लागतात, एका डागातून एका रात्रीत हजारो, आणि हे बरेच दिवस चालतं. ज्या पानांवर शनिवारचं औषध नीट पोचलंय तिथं ते रुजतात, घुमट बांधतात आणि मागच्या सोमवारच्या संध्याकाळच्या पायरीवर, दाब न चढता, थांबतात. ज्या पानांवर पोचलं नाही तिथं नवे छत्तीस तास मोजायला लागतात.

ऑक्टोबरात भात निसवतं तेव्हा यातलाच एखादा बीजाणू लोंबीच्या मानेवर बसतो. पानावर डाग पडला तर तेवढं पान जातं. मानेवर तेवढाच डाग पडला तर सगळी लोंबी जाते, कारण दाण्यांचं सगळं अन्न त्याच गाठीतून वर चढतं. दाण्यात दूध भरण्याआधी हे झालं तर लोंबी पांढरी, उभीच्या उभी. खोडकिड्याची पळींजही लांबून अशीच दिसते. ती ओढली की सहज उपसून येते. करप्याची लोंबी उपसून येत नाही, मान काळपट पडलेली असते आणि तिथंच मोडते. म्हणून पानावर करपा दिसलेल्या खाचरात दुसरी फवारणी पोटरीतून लोंबी बाहेर पडतानाच घ्यायची असते, मानेवर काही दिसण्याची वाट न बघता.